तीन तुकड्यांचं आभाळ

नाटकांचे मागचे पडदे रंगवणारा एक माणूस होता. राजवाडा असो की तुरुंग, कुठलाही पडदा रंगवायला घेतला की पहिला हात ढगांवर फिरायचा, म्हणून नाटकवाले त्याला ढग्या म्हणत. नाव इतकं चिकटलं, की सख्खी बहीणसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारायची. ही त्याची ताई, शिवणकाम करणारी. पूर्वी अरुंद कापडाच्या पट्ट्या जोडून ती पडदा शिवून द्यायची आणि तो त्यावर आभाळ उतरवायचा. तिचा जोड कुठे आहे हे रंग चढल्यावर त्यालाही सापडत नसे.

भावोजी गेल्यावर ताई परदेशी लेकीकडे राहायला गेली. तिथे न्हाणीघरात पाय घसरून तिचं कंबरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण बरेच दिवस पडूनच राहायचं होतं. फोनवर ती दुखण्याबद्दल फारसं बोलली नाही. एवढंच म्हणाली, "छताकडे बघून बघून डोळे विटले रे. नुसतं पांढरं. खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीची भिंत."

दुसऱ्या दिवशी त्यानं भाचीकडून ताईच्या खोलीचं माप मागवून घेतलं. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब. आता बाजारात अखंड रुंद कापड मिळत होतं. ते त्यानं रंगशाळेच्या जमिनीवर ताणून बसवलं, चपला काढल्या आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन त्यावर उतरला. निळा रंग त्यानं असा पातळ केला, की आतून उजेड येतोय असं वाटावं. रंग वाळल्यावर मोजे घालून तो त्या निळ्यातून चालत राहिला. कधीकधी काम थांबवून तो मधोमध उभा राहायचा. पायाखाली आभाळ, वर पत्रा. आपण उलटे तर झालो नाही ना, असं त्याला क्षणभर वाटायचं आणि ते वाटणं त्याला आवडायचं. मध्यभागी एक थोरला ढग उतरला, दुपारी जेवून आडवा झाल्यासारखा सुस्त. असा ढग आपल्या हातून पूर्वी झाला नव्हता, हे त्याला कळलं.

मग तो तिकीट काढायला गेला. सामान काय आहे, असं तिकीट कचेरीतल्या बाईंनी विचारलं. आभाळ आहे, तीन मीटर लांबीच्या नळीवर गुंडाळलेलं, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. इतकी लांब वस्तू नेहमीच्या सामानात जाणार नाही, विमान कंपनीची मर्यादा एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटरची आहे, असं त्यांनी शांतपणे समजावलं. आणखीही काही सांगितलं, पण तोवर त्याचं मन ढगापाशी गेलं होतं. घडी घालायचा विचार त्यानं केलाच नाही. घडीवर रंग तडकतो आणि आभाळाला पांढऱ्या सुरकुत्या पडतात. म्हणजे मधून एकदा कापायचं, दीड मीटरचे दोन तुकडे, असा हिशेब करून तो जड पावलांनी घरी आला.

त्या संध्याकाळी भाचीनं फोनवर हा हिशेब ऐकला आणि त्याला थांबवलं.

"मामा, एकशे अठ्ठावन्न म्हणजे एकट्या लांबीचं नाही. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही मिळून. बॅगेला चाकं, मूठ असतील तर तीही त्यातच धरतात. दीड मीटर लांबीतच संपले, तर जाडीला उरलं काय?"

"आणि वजन?"

"ते वेगळं. वजनात बसलं म्हणून मापात बसतं असं नाही. माप थोडं वाढलं तर जादा आकार पडतो, फारच वाढलं तर घेतच नाहीत, मालवाहतुकीनं पाठवायला सांगतात."

त्यानं मनातल्या मनात गुंडाळी करून पाहिली. मीटरभर रुंदीच्या तीन पट्ट्या एकावर एक गुंडाळल्या, तर खोक्यासकट लांबी एकशे पाच, रुंदी आणि उंची पंचवीस-पंचवीस. एकशे पंचावन्न. बसत होतं. पण दोन्ही काप थोरल्या ढगातून जात होते.

"तीन पट्ट्या केल्या तर बसतं, पण ढग तुटतो गं," तो म्हणाला. भाचीनं ओळखलं.

"काप मामा. आई जोडेल. ती कंबरेतून मोडलीय, बोटांतून नाही."

कात्री त्यानं सकाळच्या उजेडात चालवली. कापड फाटण्याचा आवाज नको होता, म्हणून अगदी सावकाश. ढगाचे तीन तुकडे झाले तरी तो ढगच राहिला, याचं त्याला नवल वाटलं. रंगाची बाजू बाहेर ठेवून त्यानं पट्ट्या गुंडाळल्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात घातल्या आणि उचलायला सोपं जावं म्हणून वर दोरीची चांगली मुठीएवढी गाठ मारली.

विमानतळावर सामान घेणाऱ्या तरुणानं नेमकी टेप काढली. लांबी ठीक, रुंदी ठीक. उंची मोजताना टेप गाठीवरून गेली आणि बेरीज एकशे साठ झाली. सगळ्यात बाहेर आलेला भाग धरावा लागतो, असं तो जरा ओशाळून म्हणाला. ढग्यानं वाद घातला नाही. तिथेच खाली बसून त्यानं गाठ सोडली आणि दोरी सपाट विणून बाजूला दाबली. मागची रांग चुळबुळत होती. तरुणानं पुन्हा मोजलं, मान डोलावली आणि खोकं सरकत्या पट्ट्यावरून झुलत पडद्याआड गेलं.

विमान वर चढलं आणि खिडकीखाली ढग पसरले. ढग्यानं जन्मभर ढगांची पोटंच रंगवली होती, पाठी आज पहिल्यांदा पाहिल्या. ऊन खात पडलेल्या, कुणाला दाखवायच्या नसलेल्या पाठी. त्याच्या पायांखाली, विमानाच्या पोटात, त्याचं आभाळ होतं आणि त्याच्याही खाली हे खरं. दोन आभाळांच्या वर बसून त्याला छान पेंग आली.

ताई वाळली होती, पण पट्ट्या पाहताच तिनं उशीला टेकून सुई मागितली. कापलंस की कुरतडलंस, असं म्हणून तिनं त्याचे वाकडे काप सरळ करून घेतले. रोज थोडंथोडं शिवत गेली. कापड तिच्या पांघरुणावरून ओघळून जमिनीपर्यंत यायचं आणि ढग्या त्याचं टोक धरून बसायचा. शिवून झाल्यावर भाचीनं आणि तिच्या नवऱ्यानं शिडी लावून आभाळ छताला ताणून बसवलं.

ढग्या जमिनीवर आडवा झाला. डावीकडचा जोड त्याला दिसेना. उजवीकडच्या जोडाशी मात्र थोरल्या ढगाची कड बोटभर पुढे आली होती. तिचा हात चुकलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. आजारपणाचं असेल, असं समजून त्यानं नजर पुन्हा डावीकडे वळवली.

"दिसलं ना तुला?" ताई म्हणाली.

"काय?"

"मुद्दाम सरकवलाय. तू सगळे ढग जागच्या जागी बसवतोस, ढग्या. मला दिवसभर इथे पडायचं आहे. निदान एक तरी चालता हवा."

तो बघत राहिला. आधी काही झालं नाही. मग पापण्या जड होऊ लागल्या तसा तो सुस्त ढग अगदी हळू, खिडकीच्या दिशेनं निघाला. ताईला सांगावं म्हणून त्यानं मान वळवली, तर ती झोपली होती, सुई अजून बोटांत धरून. त्यानं ती अलगद काढून घेतली आणि पुन्हा आडवा झाला.

पुढे ताई काठी घेऊन चालायला लागली, दिवाणखान्यात बसू लागली. तरी दुपारचा चहा ती त्याच खोलीत घ्यायची आणि ढग कुठवर गेला ते घरी परतलेल्या भावाला फोनवर सांगायची.