तुतीच्या पिपावरचा गोटा

"ह्यो गोटा कुणी पालथा ठिवला?"

"कंचा गोटा, आक्का?"

"ह्यो. तुतीच्या पिपावरचा. डोळं हायती का गारगोट्या? बघ की."

लेआर्कोनं बघितलं न्हाई. तो शिडीवर उभा होता, अर्धा माळ्यावर आन् अर्धा खाली, आन् टोपीवरचं बर्फ झटकत होता. टोपीवर बर्फ राहिलंच नव्हतं, तरी झटकत होता.

"गोटा त्यो गोटा. त्याला काय उलटं आन् काय सुलटं," तो म्हणाला.

आर्जियानं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, गोटा उचलून माझ्यापुढं धरला. पानारो नदीच्या पात्रातला चपटा पांढरा गोटा, तळहाताएवढा. एक बाजू अंड्यासारखी गुळगुळीत आन् दुसरी किड्यानं खाल्ल्यासारखी. सत्तर वर्षं शिरक्याच्या वाफेनं ती बाजू खाल्ली होती. पिपाच्या भोकावर रुमाल, रुमालावर गोटा, आन् खाल्लेली बाजू कायम खाली, अशी ती मांडणी. आज खाल्लेली बाजू वर होती.

मी शेजारचा. दर जानेवारीला पिपं धरायला, बुधला उचलायला मलाच हाक असायची. हे काम कडक थंडीतच करायचं असतं. थंडीत शिरका निवळतो, गाळ तळाला बसतो. पंच्याऐंशी सालच्या त्या मोठ्या बर्फात आमच्या गावचा रस्ता चार दिवस बंद होता, पण आर्जिया तीन शेतं तुडवून आली होती. नवऱ्याचे रबरी बूट घालून. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, बुटांना काही झालं नव्हतं.

आमच्याकडं घरात पोरगी जन्मली की बाप माळ्यावर पिपं मांडतो. ओक, चेस्टनट, चेरी, जुनिपर, तुती, अशा वेगवेगळ्या लाकडांची. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत पाच, ओळीनं. द्राक्षाचा रस चुलीवर दिवसभर आटवायचा आन् मोठ्या पिपात घालायचा. मग दर वर्षी धाकट्यातनं थोडा काढायचा, त्याची तूट त्याच्या थोरल्यातनं भरायची, त्याची त्याच्या थोरल्यातनं. पोरगी लग्नाची होईस्तोवर धाकट्या पिपातला शिरका काकवीसारखा दाट होतो. पोरगी सासरी जाते, पिपं तिच्यामागनं जातात. आर्जियाच्या बापानं तापल्या सळईनं पाची पिपांच्या तोंडावर तिचं नाव डागलं होतं. त्याला लिहायला धड येत न्हवतं. एका पिपावर एक अक्षर गाळलंय, ते अजून तसंच हाय.

आर्जिया सासरी गेली, पिपं मात्र गेली न्हाईत. नवऱ्याचं घर बैठं, त्याला माळा नव्हता. उन्हाळ्यात कौलाखाली भाजल्याशिवाय आन् हिवाळ्यात गारठल्याशिवाय शिरका पिकत न्हाई. म्हणून पिपं माहेरच्या माळ्यावर, भावाच्या घरात राहिली. ती दर जानेवारीला यायची, आपलं काम करायची, जेवायची आन् जायची. अठ्ठेचाळीस वर्षं. एकदाच चुकलं, गेल्या साली. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी बर्फावर घसरून तिचा पाय मोडला होता. "तू पड गं निवांत," लेआर्को तेव्हा म्हणाला होता, "मी करतो सगळं, तुज्या सांगन्यापरमानं." आन् त्यानं बाटली भरून शिरका तिच्या अंथरुणापाशी आणून दिला होता. तो अस्सल होता. तिनं जिभेला लावून बघितला होता आन् भावाच्या गालावर हात फिरवला होता.

"गेल्या साली तूच ठिवला गोटा," आता ती म्हणाली.

"असंल मग. घाईत पडला असंल उलटा. आक्का, खाली मफाल्दानं कोंबड्याचं पानी उकळाय ठिवलंय, त्यात सोडायला खिम्याची तोर्तेल्लीनी करून ठिवलीत तीनशे. उरक की."

आर्जियानं रुमाल बाजूला केला. वाकून भोकापाशी नाक नेलं आन् तशीच वाकून राहिली. मला वाटलं कंबर धरली. मग तिनं एप्रनच्या खिशातनं चिनी मातीचा पांढरा चमचा काढला, काचेच्या नळीनं दोन थेंब चमच्यात सोडले आन् चमचा खिडकीच्या उजेडात कलता केला.

थेंब पळाले.

तिच्या तुतीतला थेंब कधी पळत न्हवता. तो चमच्याच्या कडेनं म्हाताऱ्या बैलासारखा चालायचा.

तिनं चाखलं. मग जुनिपर उघडलं, ते चाखलं. चेरी उघडलं. चेस्टनट आन् ओकाला नुसतं हुंगलं आन् सोडलं. या सगळ्याला पाचेक मिनिटं लागली असतील. लेआर्को शिडीवरनं ना वर येत होता ना खाली जात होता.

"दुकानातला हाय," ती म्हणाली. "तिन्हीत. दुकानातला शिरका, आन् त्यात कुनाचातरी करपलेला रस ओतलाय ग्वाड करायला. घशात खिळा ठोकल्यागत जातोय. लेआर्को, माजा कुठं हाय?"

"कुटं म्हंजी? पिपात हाय त्योच तुजा. लाकूड म्हातारं झालं आक्का, चव पालटते."

"माजी जीभ म्हातारी झाली म्हन, ऐकून घीन. लाकडाला बोलू नगंस."

मग ती मक्याच्या कणसांच्या ढिगाकडं वळली. माळ्याच्या पार शेवटाला, जिथं कौलं फळ्यांना टेकतात, तिथं वाकून गेल्याशिवाय जाता येत न्हाई. ढिगावर गोणपाट होतं. का कोण जाणे, ती थेट तिकडंच गेली. का ते मला ठाऊक हाय म्हणा, आन् लेआर्कोलाही.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात जर्मन गावातनं जवान पोरं उचलून नेत होते. लेआर्को एकोणीस वर्षांचा. आर्जियानं त्याला याच कोपऱ्यात ठेवला, पुढं आपली पाच पिपं आडवी लावून. नऊ आठवडे. रोज सासरहून येऊन भाकर वर न्यायची आन् घाण खाली आणायची. एकदा ते कुत्री घेऊन आले. कुत्री शिडीपाशी भुंकायला लागली तशी या बाईनं तुतीचं पीप कलतं केलं आन् घागरभर शिरका फळ्यांवर सोडला. कुत्री शिंकत खाली पळाली. सायबाला म्हणाली, "घाबरून धक्का लागला." सायबानं नाक दाबलं आन् गेला. बापानं तीस वर्षं थेंबाथेंबानं जपलेला शिरका होता तो. फळ्यांवरचा काळा डाग अजून हाय. आम्ही त्यावर उभे राहूनच बोलत होतो.

तिनं गोणपाट ओढलं. मागं तीन नवी कोरी पिपं होती, लाकूड अजून पिवळं. तोंडावर नीट, सुबक अक्षरांत एकच नाव डागलेलं: नीवेस.

नीवेस म्हणजे लेआर्कोची नात. गेल्या साली, आर्जियाचा पाय मोडला त्याच महिन्यात जन्मलेली.

 खाली स्वयंपाकघरात लेआर्कोची बायको मफाल्दा झाकण आपटत होती.

"हिकडंच," आर्जिया म्हणाली. "जागा बी दुसरी गावली न्हाई तुला?"

लेआर्को शेवटी वर आला. साठीचा माणूस, पण बहिणीपुढं उभा राहिला की त्याचे हात कुठं ठेवावेत त्याला कळत नसे. "आक्का, ऐकून घे. कोऱ्या पिपात कोरा रस घातला तर पोरगी पंचवीस वर्षांची होईस्तोवर वाट बघाया लागंल. मी तंवर जगतोय का? मला तिला काय तरी दाखवायचं व्हतं. आन् तुजं म्हनशील तर..." तो थांबला.

"म्हन. थांबलास का?"

"तुज्या मागं ही पिपं कुनाची? तुला ना ल्योक ना लेक."

हे तो आवाज न चढवता म्हणाला, जसं कुणी आज बुधवार हाय म्हणावं. मी खाली बघितलं. वाक्य खोटं न्हवतं, ह्येच त्याचं वंगाळपण.

तेवढ्यात मफाल्दाचं डोकं शिडीच्या भोकातनं वर आलं, तोंडाला पीठ. तिनं गोणपाट बघितलं आन् सगळं समजली. "वन्सं, त्यांनी वाईट मनानं न्हाई केलं हो. मी म्हनलं व्हतं, इचारा म्हनून. मादोन्ना-माउलीची शप्पत, दोनदा म्हनलं व्हतं."

"म्हंजी तुला ठावं व्हतं."

मफाल्दानं हातानं तोंडावरचं पीठ पुसलं.

"आन् सुनंला?"

"तिलाबी."

"वरीसभर माज्या घरी येत व्हतीस. माज्या पायाला तेल लावत व्हतीस. सूप पाजत व्हतीस." आर्जिया तिच्याकडं बघत न्हवती, नव्या पिपाच्या तोंडावर बोट फिरवत होती. "आन् पिपं करनाऱ्या सुताराकडनं ही आनली कशी? लेआर्कोकडं तर गाडी बी न्हाई."

मग ती माझ्याकडं वळली.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पेंढ्याखाली. लेआर्को म्हणाला होता, आक्काला कळवू नगं, तिला धक्का द्यायचाय. धक्का म्हणजे आनंदाचा, असं मी धरून चाललो होतो. निदान स्वतःला तसं सांगत होतो. मी मक्याचं एक कणीस उचललं आन् परत ढिगावर ठेवलं.

"म्हंजी समदं गावच ह्यात," आर्जिया म्हणाली. "समद्यांस्नी ठावं. कोंबड्यांस्नी बी ठावं असंल."

"मागितलं असतं तर दिलं असतंस का?" लेआर्को एकदम उसळला. "खरं सांग. सुनंनं बाळंतपणात यक बाटली मागितली तर तू चमच्यानं मोजून दिलीस! तू न्हाईच म्हनली असतीस."

"व्हय. न्हाईच म्हनले असते."

"मग?"

"मग काय मग? माज्या त्वांडानं न्हाई म्हनले असते. त्ये बी तू माज्या त्वांडातनं काडून नेलंस."

लेआर्को खाली बसला, मक्याच्या कणसांवर. "मी आत्ता ओततो परत. समदा. आत्ता."

आर्जियानं चमचा एप्रनला पुसला, नव्या पिपावरचा रुमाल काढला. रुमालही विकतचा होता. नळी घातली, चाखलं आन् तोंड वाकडं केलं. "ओतून काय व्हनार? वरीसभर कोऱ्या लाकडात निजलाय. सुताराच्या फळकुटाचा वास मारतोय. आता ह्यो ना माजा ना तिचा." ती दुसऱ्या पिपावर वाकली आन् थबकली. बोट भोकात घातलं. पहिलं पेर आत जातं न जातं तोच भिजलं. तिसऱ्या पिपातही तसंच.

"गळ्यापोतर भरलंस व्हय रं?"

"मंग? अर्धं कशाला सोडू?"

"आयला, ह्या घरात जलमला आन् एवढं शिकला न्हाई." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, आन् चढला तो यासाठी. "पाव हिस्सा जागा मोकळी सोडायची असती! त्याला वारं लागतं. कोंडून मारशील की पोरीचा शिरका. आजून यक उन्हाळा गेला असता की नुसतं कुजकं पानी ऱ्हायलं असतं. चोरी करून करायची, ती बी धड न्हाई."

लेआर्को तिच्या तोंडाकडं बघत राहिला. चोरी पकडली तेव्हा मेला नव्हता तेवढा तो आता मेला.

 खाली पाणी उतू जाऊन चुलीवर फसफसलं, तरी मफाल्दा हलली न्हाई. मी मनात म्हटलं, सगळं तसंच टाकून ही बाई आता खाली जाईल आन् पुन्हा या घरात पाय ठेवणार न्हाई. ठेवला नसता तरी कुणी नावं ठेवली नसती.

तिनं बाह्या सारल्या.

"तू," ती मला म्हणाली, "बुधला आन. माज्या तिन्हीतलं दुकानातलं पैलं भाईर काड. मफाल्दा, त्यात कांदं घाल, वरीसभर पुरंल तुला."

"आन् मी?" लेआर्को म्हणाला.

"माळ्याची किल्ली."

त्यानं दिली. तिनं ती एप्रनच्या नाडीला बांधली, दोन गाठी मारून. "हितनं फुडं मी आल्याबिगर ह्ये शिडीवरचं दार उघडायचं न्हाई. आता खाली जा. पानी उतू चाललंय, कोंबडं करपंल."

"जेवायला तरी ये, आक्का."

"माजं ताट वाढू नगा."

दोघं खाली गेले. आम्ही कामाला लागलो. मी बुधल्यात काढत होतो, ती नरसाळं धरत होती. माझ्याशी ती कामापुरतं बोलत होती: कल, धर, पुरं. आमच्यात पुढंही तेवढंच राहिलं. तिनं मला पुन्हा जेवायला कधी वाढलं न्हाई, पण जानेवारीत हाक मारायची राहिली न्हाई. पाठीचं काम होतं, ते तिला एकटीला झेपत न्हवतं.

तिची तीन पिपं रिकामी झाली तशी तिनं रबरी नळी नीवेसच्या पहिल्या पिपात घातली, तोंडानं ओढली, थुंकली. काळा शिरका वळून तिच्या जुन्या तुतीत पडायला लागला. पाव हिस्सा झाला की तिनं नळी चिमटली. नीवेसच्या पिपात बोट घालून बघितलं. पाहिजे तेवढी जागा मोकळी झाली होती.

"येवढा माजा," ती म्हणाली. "वास जायाला पंधरा-वीस वर्सं लागतील."

एकाहत्तर वर्षांची बाई. मी काहीतरी बोलणार होतो.

"त्वांडाकडं काय बघतोस? दुसरं पीप कल."

तिनं तुतीच्या पिपावर आपला क्रोशाचा रुमाल अंथरला. वर गोटा ठेवला, खाल्लेली बाजू खाली. बोटानं दाबून बघितला आन् नळी उचलून दुसऱ्या पिपाकडं वळली.