वाल्मिक बोरसे पिवळे पडले त्याची गोष्ट

नवागामच्या त्या गल्लीत वाल्मिक बोरशांच्या नजरेचं मोठं नाव होतं. अमळनेरकडच्या एका खेड्यातून ते विशीत सुरतेला आले आणि तेव्हापासून लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावरच उभे. दहा मशिनी धडधडत असल्या तरी कुठल्या मशिनीवर तार, म्हणजे विणायचा धागा, तुटली, हे ते चालता चालता सांगायचे. पण सत्तेचाळिसावं लागलं आणि त्या नजरेनं दगा दिला. लांबचं सगळं लख्ख. हातातली तार फणीच्या दातात ओवायला घेतली, की तारा दोन दिसायच्या आणि दात एकही नाही.

"चष्मा लावा ना," बायको रंजना म्हणाली.

"चष्मा म्हातारं माणूस लावस. माले बठ्ठं दिखस!" असं ठणकावून वाल्मिकरावांनी वरणात मीठ म्हणून चमचाभर साखर घातली, आणि रंजनाकडे न बघता ते वरण संपवलंही.

मुलगी वर्षा नर्सिंग शिकत होती. सुट्टीला घरी आली की मोठ्यानं पाठ करायची. "गाजर, पपई, लाल भोपळा, पालक. यातून अ जीवनसत्त्व मिळतं. ते डोळ्यांना लागतं. ते फार कमी पडलं तर अंधारात दिसत नाही."

वाल्मिकरावांनी 'डोळ्यांना' इथपर्यंतच ऐकलं. पुढचं वाक्य येईपर्यंत ते पिशवी घेऊन भाजीवाल्याकडे निघालेसुद्धा होते.

त्या दिवसापासून सकाळी चहाच्या जागी चार गाजरं. डब्यात गाजराची कोशिंबीर. दुपारी अर्धी पपई. रात्री गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. "थोडं तेल असू द्या, म्हणजे अंगी लागतं," असं वर्षा जाताना म्हणाली होती. वाल्मिकरावांनी कोशिंबिरीवर शेंगदाण्याच्या तेलाची धारच धरली. शेजारच्या मशिनीवरचा दत्तू म्हणायचा, "भाऊ, ससासुद्धा मधूनमधून गवत खातो."

तार काही दोनाची एक होईना. पण वाल्मिकराव म्हणायचे, फरक पडतोय.

फरक पडला तो असा. दोन महिन्यांनी चहा पिताना दत्तूनं त्यांचा हात धरला आणि उलटा केला. "भाऊ, हळद लावून आलात का?"

तळहात पिवळे. चप्पल काढली, तर तळवेही पिवळे. नाकाचा शेंडा तर पिकल्या आंब्यासारखा. "कावीळ!" कुणीतरी ओरडलं, आणि मशिनी सोडून अर्धा कारखाना नाक बघायला आला.

घरी रंजनानं हात बघितले. "अवं माय! तुमनं काय व्हई गयं हाई!" तिनं त्याच क्षणी तेल-तिखट बंद केलं. शेवभाजी गेली, भरीत गेलं, ठेचा गेला. शेजारच्या सरलाबाईंनी कावीळ उतरवायची माळ आणून डोक्यावर ठेवली. ती हळूहळू मोठी होऊन गळ्यात आली की कावीळ उतरली, असं त्यांचं म्हणणं. आता काविळीच्या माणसाला थंड, हलकं, बिनमसाल्याचं काय द्यायचं? सगळ्या गल्लीनं विचार केला आणि एकमतानं ठरलं: पपई. आणि गाजराचा रस.

तिसऱ्या दिवशी माळ गळ्यात आली. हात जास्तच पिवळे झाले होते.

रविवारी वर्षा हॉस्टेलवरून धावत आली. तिनं हात बघितले नाहीत. खिडकीपाशी नेऊन पापणी खाली ओढली. डोळे दुधासारखे पांढरे. "चला," म्हणाली, "पण वाटेत काही खाऊ नका."

डॉक्टरीणबाई गुजराती होत्या. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट साफ आला. मग हात बघत त्यांनी विचारलं, "काका, तमे खाओ छो शुं?"

वाल्मिकरावांनी इमानदारीनं यादी सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि इतक्या हसल्या की बाहेरचे दोन पेशंट आत डोकावले. मग त्यांनी समजावलं. कावीळ असती तर डोळे पिवळे झाले असते. गाजरातल्या रंगाचं शरीर लागेल तेवढंच जीवनसत्त्व करतं. उरलेला रंग चामडीत जाऊन बसतो. खाणं कमी केलं की काही आठवड्यांत ओसरेल, घाबरायचं कारण नाही.

"अन् डोळा?" वाल्मिकरावांनी हळूच विचारलं.

"ते वय आहे, काका. त्याला गाजर नाही, चष्मा लागतो."

वर्षा म्हणाली, "पप्पा, मी जीवनसत्त्व म्हटलं होतं. अख्खं गाजराचं शेत नव्हतं म्हटलं."

त्या संध्याकाळी रंजनानं वांगी भाजली, आणि वाल्मिकराव तीन भाकरी खाऊन उठले.

चष्मा घालून ते कामावर गेले तेव्हा दत्तू ओरडला, "मास्तर आले, उभे राहा रे!" वाल्मिकरावांनी लक्ष दिलं नाही. तार एकच होती, आणि फणीचे दात मोजता येत होते. सकाळभर ते मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत आणि तारा ओवत राहिले.

जेवणाच्या सुट्टीत दत्तू शेजारी येऊन बसला. "बघू, काच कशी आहे," म्हणत त्यानं चष्मा चढवला, खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि डोळ्यांपुढे धरली. ती त्यानं उलटसुलट करून पाहिली.

"भाऊ," तो शेवटी म्हणाला, "हिच्यावर एवढं लिहिलेलं असतं?"

आणि तो पुडी अक्षराला अक्षर लावून मोठ्यानं वाचत बसला. मशिनी सुरू झाल्या, तरी तो चष्मा परत देईना.