गाळलेला समुद्र

बडोद्यात मांडवीजवळ राहणारे जगदेवराव सरकारी चितारी होते. वाडवडिलांनी तलवार धरली, यांनी कुंचला धरला; इमान मात्र तेच. डोळ्यांनी पाहिले तेवढेच कागदावर उतरायचे, तसूभर अधिक नाही.

सयाजीराव महाराजांच्या अमलात ओखामंडळाच्या समुद्राची पाहणी निघाली, तेव्हा पाण्याचे रंग चितारायला त्यांना धाडले. किनाऱ्याशी तपकिरी पाणी, खाडीच्या तोंडी हिरवे, पुढे विटकरी पट्टे, आणि त्याही पलीकडे द्वारकानाथाच्या अंगकांतीसारखे निळे. चार चित्रे झाली, आणि त्या त्या जागच्या पाण्याच्या नमुन्याच्या चार बाटल्या भरल्या.

परतल्यावर खात्याचे प्रमुख श्रीपतराव यांनी बाटल्या उजेडात धरल्या. चारही बाटल्यांतले पाणी स्वच्छ, बिनरंगी.

"जगदेवराव, हा समुद्र तिथे रंगवलात, की घरी बसून?"

"पाहिले तेच काढले, साहेब."

"मग लाली वाटेत उतरली म्हणायची. उद्या खोटेपणाची कबुली लिहून आणा. चित्रे अहवालातून काढू, आणि तुम्हांला खात्यातून."

घरी जगदेवराव पानावरून तसेच उठले. पत्नी अहल्याबाईंनी कारण विचारले, ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, "पाणी गाळून भरलंत ना?"

"न गाळता पाणी कधी भरलंय मी? दर बाटलीला नवं फडकं घेतलं."

"मग धुण्यातली ही फडकी बघा. धुवायची राहिलीत. तीन डागाळलेली, एक कोरं."

जगदेवराव फडक्यांकडे पाहत राहिले. रंग पाण्याचा नव्हताच. पाण्यात राहणाऱ्यांचा होता. आणि त्यांनाच त्यांनी, शुचिर्भूतपणे, बाटलीबाहेर ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी जगदेवरावांनी फडकी कचेरीत नेली; श्रीपतरावांनी डाग भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तपकिरी डागात काचेच्या इवल्या डब्या, विटकरीत काड्यांच्या जुड्या, हिरव्यात गोल कण.

"उन्हावर जगणाऱ्या वनस्पती आहेत या," ते हळूच म्हणाले. "जशी वस्ती, तसा समुद्राचा रंग. वस्ती विरळ, तिथे निळा. बघा तुम्हीही."

जगदेवरावांनी पाहिले. जिवांना जपावे म्हणून घरात त्यांना लहानपणी पाणी गाळायला शिकवले होते; त्याच हातांनी किती जीव फडक्यावर वाळवले. त्यांनी हात जोडले, आणि खिशातला कागद पुढे केला.

"कबुली आणली आहे, साहेब."

त्यात दोनच ओळी होत्या: रंग खरे आहेत. पाणी मी गाळले, ही चूक माझी.

श्रीपतरावांनी ती दोनदा वाचली. मग प्रत्येक चित्रामागे त्याचे फडके शिवून घेतले. निळ्यामागे ते कोरेसुद्धा.