बहुमताची चाल

आमचा नागपूरकरांचा संघ ऑनलाइन मिळून बुद्धिबळ खेळतो; प्रत्येक चाल मतदानाने ठरते. त्यातले कोराडीचे एक काका मला फक्त आवाजाने माहीत आहेत. ते टाइप करत नाहीत, व्हॉइस मेसेज पाठवतात. "साहेब, तुमचं बरोबर आहे, पण..." असं म्हणून ते माझी चाल खोडून काढतात, आणि मागे कुकरची शिट्टी होते.

परवाच्या अंतिम सामन्यात मी घोडा बळी द्यायचा बेत मांडला आणि त्यावर भलंमोठं विश्लेषण लिहिलं. विरोध एकट्या काकांनी केला. बहुमताने माझी चाल खेळली गेली, पाठोपाठ वजीर गेला आणि सामनाही. ग्रुपवर सगळे माझ्यावर तुटून पडले. तेवढ्यात काकांचा आवाज आला, "काहून भांडून राहिले गा? मत तर सगळ्याईनंच देल्लं ना? मंग हारलो बी आपण सगळेच."

स्वतःच्या विरोधी मताचा विषय त्यांनी काढलासुद्धा नाही. मला भरून आलं. आभार मानायला मी त्यांना खासगीत मोठा मेसेज लिहायला घेतला. तो अर्ध्यावर असतानाच त्यांचा आवाज आला, "साहेब, रागावू नका, पण थोडं कमी लिहत जा. लोकं वाचत नाही, कटाळून हो म्हणून टाकतात."