कव्हरवरची बाई

शाळेच्या वर्गात आरशासमोर वकिलांची मुलगी बसली होती. कुणीतरी तिच्या तोंडाला काजळ फासत होतं. खोबरेल तेलात कालवलेलं काजळ. आधी कपाळ, मग गाल, मग गळा. ती गोरीपान. रंग नीट बसेना म्हणून दुसरा हात दिला. मी दाराशी उभी होते. मला रंग लावायची गरज नव्हती.

तिनं आरशातूनच मला विचारलं, "धुतल्यावर जाईल ना गं हे?"

मी म्हणाले, जाईल.

मग आमचे कॉलेजचे सर आले. हातात कार्यक्रमाचा कागद होता. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तू पडद्यामागं बस. पेटीवाल्याच्या शेजारी. ही पुढं उभी राहून ओठ हलवील. गायचं तूच."

मला आधी समजलंच नाही. वाटलं, सर चुकून दुसऱ्या कुठल्या तरी गाण्याबद्दल बोलतायत.

हे मला नीट सांगता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात लिहिणारी मी पहिलीच. वडील दौंडला रेल्वेत खलाशी, सांगतील ते अंगमेहनतीचं काम करणारे. आई रेल्वे कॉलनीत एका गार्डसाहेबाच्या बंगल्यावर झाडूफरशी करायची. ते अँग्लो-इंडियन लोक. मडमकडं ग्रामोफोन होता. आई फरशी पुसायची तेव्हा तो लागलेला असायचा. त्यातलं एक गाणं आईच्या तोंडात बसलं. शब्द काही कळायचे नाहीत, म्हणून ती नुसती चाल गुणगुणायची. भाकरी थापताना, माझी वेणी घालताना. मी त्या चालीवर वाढले. मला वाटायचं, ते आईचंच गाणं.

पुढं गार्डसाहेबाचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. जाताना मडमनं त्या गाण्याची रेकॉर्ड आईला दिली. आमच्याकडं वाजवायला काही नव्हतं. आईनं ती ट्रंकेत लुगड्यांच्या मधे ठेवली. कव्हरवर एका गोऱ्या बाईचा फोटो होता. सोनेरी केस, मागं समुद्र. सणासुदीला ट्रंक उघडली की आई त्या फोटोवरून पदर फिरवायची आणि म्हणायची, "ही गानारी मडम." आम्हा सगळ्यांसाठीच ती गाणारी मडम. कुणाला कधी शंका आली नाही.

मॅट्रिक झाले आणि वडिलांनी मला शिरूरला आत्याकडं ठेवलं, कॉलेजसाठी. आत्या बाबासाहेबांची गाणी म्हणणाऱ्या जलशात गायची. मागं मी कोरसला उभी असायची. सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. त्यांच्याकडं रेकॉर्डप्लेअर आहे असं ऐकलं होतं. मी महिनाभर धीर गोळा केला आणि एक दिवस विचारलं. सर म्हणाले, घेऊन ये की.

सरांच्या घरी मला बाहेरच्या खोलीत खुर्ची मिळाली. चहा मिळाला, ते स्वतः पीत होते तसल्याच कपात. हे मी मुद्दाम लिहिते. सर वाईट होते असं कुणाला वाटू नये. ते वाईट असते तर मी सावध राहिले असते.

सरांनी रेकॉर्ड लावली. आईची चाल. पहिल्यांदा शब्दांसकट. मी कप खाली ठेवला.

सरांनी कव्हरवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचलं आणि कपाटातून एक मासिक काढलं. म्हणाले, ही गायिका काळी आहे. निग्रो. हा फोटो तिचा नाहीच. काळ्या बाईचा फोटो असला की गोरे लोक दुकानात रेकॉर्ड उचलत नाहीत, म्हणून कंपनीनं कुठल्या तरी गोऱ्या मुलीचा लावला. आवाज पाहिजे, चेहरा नको. हे सांगताना सरांचा आवाज चढला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्या दिवसापासून सर मला त्या बाईचं आयुष्य सांगत गेले आणि मी वहीत उतरवत गेले. अमेरिकेतल्या कापसाच्या मुलखात जन्म. आई लोकांचे कपडे धुवायची. पोरगी चर्चमध्ये गायला शिकली. मोठी झाल्यावर मोठमोठ्या हॉटेलांत गायला लागली. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे, पण त्याच हॉटेलात तिला राहायला खोली नाही. आत जायचं ते स्वयंपाकघराच्या दारानं. मग काळ्यांच्या हक्कांसाठी मोर्चे निघाले तेव्हा ती त्यात गेली. मोर्चाच्या तोंडाशी गायली. तुरुंगात बसली. रेडिओवर तिची गाणी लागेनाशी झाली. नुसती गा, बोलू नकोस, असं तिला कितीजणांनी सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

मी वहीत हे लिहिताना कितीदा तरी थांबायची. आमच्या जलशाची माणसं मला दिसायची. गावात शिरताना कुठल्या वाटेनं शिरायचं, हे त्यांनाही आधी विचारावं लागायचं.

एका रविवारी आत्याला सरांकडं घेऊन गेले. ती खुर्चीच्या टोकाशी बसून डोळे मिटून ऐकत राहिली. रेकॉर्ड संपल्यावर म्हणाली, "ही बाई तालाच्या मागनं चालती. पन चुकत न्हाई. तालालाच थांबाया लावती."

सर खूश झाले. म्हणाले, "बाई, यालाच जॅझ म्हणतात."

"म्हनत असतील," आत्या म्हणाली.

घरी आल्यावर तिनं मला तशी ओढ शिकवली. शब्द समेवर टाकायचा नाही. थोडा उशिरा टाकायचा, ऐकणाऱ्याचा जीव टांगून ठेवायचा. म्हणाली, हे आपल्यात बी हाय, त्याला नाव न्हाई येवढंच.

सरांचं गावात एक मंडळ होतं. मास्तर, डॉक्टर, वकील अशी शिकलेली माणसं. वर्षातून एकदा शाळेच्या पटांगणात कार्यक्रम. त्या वर्षी सरांनी ठरवलं, या गायिकेचं आयुष्य आणि गाणं लोकांपुढं आणायचं. गाण्याचं मराठी आम्ही दोघांनी केलं. निवेदन माझं. गाणारी मी. दोन महिने सरांच्या ओसरीवर तालीम झाली. मी दौंडला पत्र टाकलं की आई, मी स्टेजवर उभी राहून तुझं गाणं गाणार आहे. आई आता दुसऱ्या बंगल्यावर कामाला होती, तिथून तिनं सुट्टी मागून घेतली आणि एसटीनं आली. स्टेजवर गाणारी आपली पोरगी बघायची, एवढंच तिला पाहिजे होतं. आणि मलाही तेवढंच पाहिजे होतं.

आता परत त्या वर्गात येते.

मी म्हणाले, "सर, माझी आई आलीय."

"मग चांगलंच झालं. तिला ऐकू येईल की."

"मी दिसणार न्हाई तिला."

गडबडले की माझ्या तोंडात घरची भाषा येते. सर कागदाची घडी घालत राहिले.

मी म्हणाले, "सर, कव्हरवरची बाई."

एवढंच म्हणाले. त्यांना कळलं. कळलं हे मला दिसलं, कारण त्यांनी मान खाली घातली. माझ्या मनात अजून आशा होती. मला वाटलं, आता सर म्हणतील, चुकलं माझं.

सर म्हणाले, "ते वेगळं. तो धंदा होता. इथं गावाला बरोबर घ्यायचंय. तुला बघून पुढच्या दोन रांगा उठून गेल्या तर गाणं कुणाला ऐकवायचं? आधी तुझा आवाज पोचू दे. तू मागनं पोचशील."

ते समजावून सांगत होते. वर्गात व्याकरण समजावतात तसं. मला वाटतं, त्यांना ते खरंच पटलेलं होतं.

मी पडद्यामागं जाऊन बसले. लगेच नकार दिला असं मी लिहू शकते, पण ते खोटं होईल. मी बसले. सर म्हणाले म्हणून बसले. पेटीवाला माझ्याकडं बघून हसला, मीही हसले.

पाच वाजता कार्यक्रम सुरू झाला. माझं निवेदन एका मास्तरांनी वाचलं. चांगलं वाचलं. हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दाराचं वाक्य आलं तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी हळहळल्यासारखा आवाज केला. मग सांगितलं, आता त्या गायिकेच्या रूपात आपल्यासमोर येत आहेत, आणि वकिलांच्या मुलीचं नाव घेतलं. गायिका म्हणूनही तिचंच.

पडदा उघडला. पेटीवाल्यानं सुरुवातीचे सूर वाजवले. मागच्या पडद्याच्या फटीतून मला पटांगण दिसत होतं. सगळ्यात मागं, कुंपणापाशी, आई आणि आत्या जमिनीवर बसल्या होत्या. आई मान उंच करून स्टेजवर मला शोधत होती.

जागा आली. मुलीनं तोंड उघडलं.

मी गायले नाही.

पेटीवाल्यानं परत सुरुवात केली. परत तिनं तोंड उघडलं. आवाज नाही. पटांगणात कुणीतरी हसलं. एक शिट्टी आली. ती मुलगी तशीच उभी होती, तोंडावर काजळ, ओठ हलतायत. तिची मला कीव आली. पण गळ्यातून सूर काढला नाही.

सर धावत मागं आले. घाम फुटला होता. "गा. हात जोडतो तुला, गा."

मी उठून उभी राहिले. "मला पुढं येऊन गाऊ द्या, सर. आत्ता गाते. सगळं गाते."

सरांनी फटीतून पुढच्या रांगेकडं पाहिलं. वकील तिथं बसले होते. ते वळून कुणाशी तरी बोलत होते, एवढंच. त्यांनी काही खूणसुद्धा केली नाही. तरी सर म्हणाले, "आज नको."

आज नको. दोन महिन्यांत सरांनी मला कितीतरी शब्द शिकवले होते. पाठ राहिले ते एवढे दोन.

स्टेजवर स्टुलावर हार घालून ती रेकॉर्ड मांडून ठेवली होती. मी पडद्याच्या पुढं गेले, हार काढून ठेवला, रेकॉर्ड उचलली आणि समोरच्या पायऱ्यांवरून खाली उतरले. बसलेल्या लोकांच्या मधून चालत गेले. एका बाईनं शेजारणीला विचारलं, ही कोण? शेजारीण म्हणाली, माहीत नाही बाई.

रस्त्यावर आल्यावर आत्या भडकली. म्हणाली, गळा हाय तर गावं. तिनं आयुष्यभर लोकांनी दाखवलेल्या जागेवर उभं राहून गायलं होतं. देवळापासून चार हात लांब, चावडीच्या मागं, जिथं सांगतील तिथं. "जागा नसंल तर गानं टाकायचं व्हय? मग आमी कवाच मुके झालो असतो."

तिचंही खरं होतं.  आजही ते खरं वाटतं.

 स्टँडवर दौंडची गाडी लागली तेव्हा आई माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "त्या पोरीचं तोंड उघडलं आन् आवाज आला न्हाई, तवाच मला कळलं. गानारी तू व्हतीस."

सोमवारी कॉलेजात सरांनी हजेरी घेतली. माझा नंबर आला तेव्हा मान वर केली नाही. नंतर एका मुलाबरोबर निरोप पाठवला की तू माझा विश्वासघात केलास. मी त्या वाक्यावर खूप दिवस रडले. कारण सरांवर माझा जीव होता. वडिलांनंतर मी ज्याला मानलं असा तो एकच माणूस. परक्यानं दार लावलं तर माणूस निघून जातो. आपल्यानं लावलं तर बराच वेळ तिथंच उभा राहतो. मीही राहिले.

आता मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात सरांची चिठ्ठी आली. मंडळात बोलणं झालंय, यंदा तू पुढं उभी राहून गायला हरकत नाही. फक्त निवेदनात आपल्याकडचं काही आणू नकोस, अमेरिकेपुरतंच ठेव.

मी चार ओळींत उत्तर लिहिलं. सर, त्या बाईचं आयुष्य तुम्हीच मला सांगितलंत, ते मी विसरणार नाही. नुसती गा, बोलू नकोस, असं तिलाही सांगत होते. तिनं ऐकलं नाही. मीही ऐकणार नाही.

जयंतीला भांडगावात आत्याचा जलसा आहे. कोरसला नाही, मी पुढं उभी राहणार आहे. त्या बाईची गोष्ट सांगणार, आणि तिच्या गोष्टीत आमची सांगणार. गावचे पाटील, मास्तर, ज्याला बसायचं तो बसेल, ज्याला उठायचं तो उठेल. गाण्याच्या आधी मी माझं नाव सांगणार आहे. पूर्ण. आडनावासकट.