महाबळेश्वरनं वाढलेला भात

कानडी मुलखातल्या जोयड्याच्या आतल्या गावांत लग्न असो, बारसं असो की देवकार्य असो, भाताची बादली महाबळेश्वर मिराशीच्याच हातात. शेतात तो बेताचा, जंगलखात्याच्या कामावर तर आळशीच म्हणा. पण वाढायला उभा राहिला की बघत राहावं! कमरेला पंचा गुंडाळलेला, डाव्या हातात बादली आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. नवी पोरं वाढायला आली की त्यांना दरडावायचा, "आरं, वाढप्यानं पानाकडं बघावं, तोंडाकडं न्हाई!" तोंडाकडं बघितलं की हा पाव्हणा, हा आपला, हा गरीब असलं मनात येतं आणि हात आखडतो. पान रिकामं दिसलं की वाढायचं, विचारत बसायचं नाही. विचारलं की लाजरं माणूस नको म्हणतं आणि अर्धपोटी उठतं. पंगतीत सगळे भाऊबंद, सगळ्यांचं जेवण एकच. मग चुकणार तरी काय, कपाळ?

त्याचा पोरगा सूरज मात्र चुलीकडं ओढलेला. गोव्यात हॉटेलात भांडी घासता घासता तो स्वयंपाक शिकला आणि गणेशगुडीला बाहेरच्या रस्त्यावर नवं हॉटेल निघालं तिथं लागला. राफ्टिंगला येणाऱ्या लोकांसाठीचं हॉटेल ते. दारात लाल कागदी कंदील, आत चिनी, थाई नि आणखी कुठकुठलं जेवण. मॅनेजर सूरजवर खूश होता. पुढच्या महिन्यात तुला कायम करतो म्हणाला, आणि एकदा आईवडलांना जेवायला घेऊन ये, असंही म्हणाला.

झालं! महाबळेश्वरनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, बायको बाळीनं लग्नातलं लुगडं पेटीतनं काढलं, आणि दोघं दुपारच्या बसनं गणेशगुडीला उतरली. टेबलावर लाकडाच्या दोन दोन काड्या ठेवलेल्या बघून बाळी हळूच म्हणाली, "ह्या कशाला वो? दात कोरायला मोठ्या हायत." सूरज आतून हसत आला, चमचे देऊन गेला, आणि थोड्या वेळानं त्यानं स्वतःच्या हातचा चिकन घातलेला फ्राइड राइस मोठ्या वाडग्यातून पाठवला. महाबळेश्वरनं पहिला घास घेतला आणि त्याची छाती फुगली. पोरानं नाव काढलं बघा.

पण बसून खायची सवय कुठं त्याला? कुणीतरी आणून देतंय आणि आपण नुसतं गिळतोय, ह्यानं त्याला अवघडल्यासारखं व्हायला लागलं. डोळे इकडं तिकडं फिरायला लागले. शेजारच्या टेबलावर एका म्हातारीसोबत हुबळीकडची मंडळी होती. तिचा मुलगा नि सून बाहेर कंदिलाखाली फोटो काढत होती, नातवंडं मोबाइलात गुंग. नातवंडांच्या पुढ्यात नूडल्स, आणि म्हातारीची प्लेट कोरडी ठणठणीत. तिचं जेवण अजून आलंच नव्हतं. बिचारी हात मांडीवर घेऊन नातवंडांचे घास बघत होती.

आता ह्या बाबानं गप्प बसावं की नाही? उठला, आपल्या टेबलावरचा वाडगा उचलला, आणि तिच्या प्लेटमध्ये दोन चमचे भरून भात घातला. "तगोळ्री अव्वा, घ्या," म्हणाला आणि मोठं काम केल्यागत परत येऊन बसला. म्हातारीला वाटलं असेल, हॉटेलचाच कुणी जाणता माणूस असावा. ती तोंडभर हसली आणि जेवायला लागली.

तिच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते, गळ्यात लिंगाची चांदीची डबी होती. पण पानाकडं बघणारा माणूस तो, त्याला ते दिसणार कधी? मुलगा आत येऊन आईच्या प्लेटकडं बघून किंचाळला तेव्हा दिसलं. "अव्वा, थुंक! थुंक ते! चिकन आहे त्यात!"

म्हातारीनं तोंडातला घास हातावर काढला आणि त्या हाताकडं बघत राहिली. सून रडायला लागली, मुलगा टेबलावर हात आपटायला लागला. जन्मात मांसाला न शिवलेल्या बाईला तुम्ही बाटवलंत, कुणी वाढलं हे, बोलवा त्याला! मॅनेजर पळत आला. त्यानं सूरजला हाक मारली.

सूरज टोपी सावरत बाहेर आला. त्यानं प्लेट बघितली. त्या दुपारी चिकनचा भात त्यानं एकाच टेबलाला पाठवला होता. त्यानं एकदाच, अगदी एकदाच, बापाकडं बघितलं आणि मॅनेजरला म्हणाला, "चूक माझी हाय, सर. घाईत मीच वाढलं."

बाळीनं टेबलाखालून नवऱ्याच्या मांडीला चिमटा काढला. "उठा की वो! सांगा त्यास्नी." महाबळेश्वर उठला नाही. पंगतीत शंभर माणसांवर ओरडणारा हा गडी, पण त्याचे डोळे त्या पांढऱ्या वाडग्यावरून हलत नव्हते. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. तिला तर सगळं ठाऊकच होतं. बोट दाखवायला तिचा हात थोडा वर आला. महाबळेश्वरनं टेबलाच्या कडेखाली, तिलाच दिसतील असे, हळूच हात जोडले. म्हातारीनं हात खाली घेतला आणि मुलाला कानडीत म्हणाली, जाऊ दे, सोड.

पण मुलगा सोडतोय होय! सूरजनं सगळ्यांसमोर वाकून त्या म्हातारीच्या पायाला हात लावला. मग मॅनेजरनं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पोरानं टोपी काढली, एप्रनची घडी केली आणि तो मागच्या दारानं गेला. आणि त्याचा बाप खुर्चीत बसूनच होता.

बसमध्ये बाळी नवऱ्याशेजारी बसली नाही. सूरज बसला. गणेशगुडी मागं पडली. मग महाबळेश्वर खालच्या आवाजात म्हणाला, "मी सांगणार हुतो रं."

"ऱ्हावू द्या अप्पा. त्या लोकांसमोर तुमाला वाकायला लागलं असतं. मला बघवलं नसतं."

पोरगं असं बोललं आणि महाबळेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराचा विचार करून गप्प बसलो असतो तर गोष्ट वेगळी, पण आपण भ्यालो म्हणून गप्प बसलो, हे त्याला पक्कं माहीत होतं. "गावात तरी सगळ्यास्नी खरं सांगीन," तो म्हणाला. "तुझं नाव खराब होऊ देणार न्हाई. शपथ." सूरज नुसता हं म्हणाला.

पण गावात बातमी फोनवरून त्यांच्या आधी पोचली होती. मिराशीच्या पोरानं लिंगायत म्हातारीला कोंबडी चारली आणि हॉटेलातून त्याला हाकललं! महाबळेश्वर रोज ठरवायचा, आज सांगू. चहाच्या टपरीवर तोंड उघडायचा आणि पावसापाण्याचं बोलून परत यायचा. बाळी त्याच्यासमोर ताट ठेवायची, आणि पाठ फिरवून चुलीकडं जायची.

मग गावातल्या परशुरामच्या घरचं लग्न आलं. पंगत बसली, भाताची बादली नेहमीसारखी महाबळेश्वरच्या हातात. सूरज रांगेत मधोमध मान खाली घालून बसलेला. त्याच्यापाशी बादली पोचली, तेवढ्यात शेजारच्या पानावरचा लखू मोठ्यानं म्हणाला, "व्हय रं सूरज, ह्या भातात कोंबडी-बिंबडी न्हाई न्हवं? न्हाईतर आमास्नी बी बाटवशील!"

अख्खी पंगत खदाखदा हसली. बोलायची हीच वेळ होती. महाबळेश्वरनं तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून काय निघालं? हसू! लखूकडं बघून, मान हलवत, तो सगळ्यांबरोबर हसला.

बायकांच्या बाजूनं बाळी त्याच्याकडं बघत होती. सूरजनं वर बघितलं आणि आपल्या पानावर हात आडवा धरला.

"मला नको, अप्पा," तो म्हणाला. "पुढं चला. लोक खोळंबलेत."

महाबळेश्वर पुढं सरकला आणि लखूच्या पानात भात वाढायला लागला.