पाव्हना का बेपारी

तानाबाईचं डोकं गरम, असं बोरगाव मेघेत सगळेच सांगत आणि सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटे. त्या डोक्याचा चटका त्यांच्यापैकी कोणाला बसत नसे. बसायचा तो वरच्यांना.

पहिला बसला वासुदेवरावांना. तानाबाई त्यांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. दुपारी चहा मिळे, पण त्यासाठी गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. छप्पन साली ती लहानग्या श्रावणचा हात धरून नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली, आणि आल्या आल्या तो कप घासूनपुसून तिनं वासुदेवरावांच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"हा तुमचा कप. चहा मी घरून पिऊन येईन."

वासुदेवराव फुगून बसले. पण वेचणीला बाया कमी पडल्या तेव्हा त्यांनीच बोलावणं पाठवलं, आणि ओट्यावर घरच्या कपात चहा आला. तानाबाईनं तो आरामात प्याला आणि साखर कमी आहे म्हणून सांगितलं. बोला आता!

पुढं नवरा गेला, वावरातलं काम झेपेनासं झालं, तशी ती शहराच्या कडेच्या कताई केंद्रात सूत कातायला बसली. तिचा धागा एकसारखा निघे. वर्ध्यात मोठा पाहुणा आला की त्याच्या गळ्यात फुलांचा नाही, सुताचा हार पडतो. केंद्रात कोणी यायचं असलं की सेक्रेटरी प्रभाकरराव हारासाठी तानाबाईकडेच सुताची गुंडी मागत. तीही चांगली गुंडी पाहुण्यासाठी बाजूला काढून ठेवी. फुलं कचऱ्यात जातात, सूत माणूस घरी नेतो, असं तिचं म्हणणं.

श्रावण महार रेजिमेंटमध्ये गेला. एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिमेच्या सरहद्दीवर पडला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याच्या शेजारच्या खंदकातला प्रेमदास पाय अधू होऊन गावी आला, तेव्हा त्यानं तिला खरं काय ते सांगितलं. गोळा रणगाड्याचा होता, आणि तो रणगाडा शत्रूला त्याच्या एका दोस्त देशानं दिला होता. तानाबाईनं एवढंच विचारलं, "फुकट देल्ला का इकत?"

तेव्हापासून घरात दोघीच. ती आणि श्रावणची बायको पंचफुला.

ऐंशी सालच्या हिवाळ्यात प्रभाकरराव सायकल हाणत तिच्या दारात आले. सोबत जीपमधून दिल्लीचा एक तरुण साहेब. तानाबाईनं खाट टाकली. पंचफुलानं पाणी आणलं.

"तानाबाई, तुमचं भाग्य उजळलं," प्रभाकरराव म्हणाले. "आपल्या दोस्त देशाची माणसं येत आहेत. मोठी मंडळी. केंद्र पाहायला. हार तुम्हीच घालायचा."

"घालीन की. माह्याजवळ गुंडी हाये चांगली."

"आणि श्रावणचा फोटोही द्या. स्टेजवर ठेवू. शहीद की माँ म्हणून तुमची ओळख करून द्यायची आहे."

तिचा हात पदरावरच थांबला. केंद्रात सूत कातणारी म्हणून तिनं आजवर कितीतरी हार घातले होते. त्यात श्रावणचं नाव कधी आलं नव्हतं.

"काऊन? ते लोक करतेत काय?"

प्रभाकरराव गडबडले. पण दिल्लीचा साहेब वयानं लहान आणि स्वभावानं सरळ होता. त्यानं हिंदीत सगळं सांगून टाकलं. हे लोक आपल्याला तोफा, रणगाडे उधारीवर देणार आहेत. दिल्लीत बोलणी चालू आहेत. व्याज किती, फेड किती वर्षांत, यावर घोडं अडलं आहे. कोणीच मागं सरकत नाही. म्हणून त्यांना एक दिवस इकडं आणायचं. एका शहिदाच्या आईनं त्यांच्या गळ्यात हार घातला तर माणूसच आहेत, विरघळतील. दोन गोष्टी आपल्या मनासारख्या होतील.

"माँजी, दूसरी माँओं के बेटे बचेंगे," तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं.

तानाबाईनं त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाली, "पाहू."

जीप गेल्यावर पंचफुला भाकरी थापत म्हणाली, "माय, घालून टाक ना हार. सरकारी मानसं हायेत. माही पेन्शन बंद केली तं काय करशीन? आनि पोरं वाचतीन म्हनते तो, ते बी खोटं नाई."

"खोटं नाई, म्हनूनच तं डोकं फिरून राह्यलं माहं." तानाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तोफा घ्याव्या. पोरं का रिकाम्या हातानं उभे ठेवाचे? घ्या, भाव करा, भांडा. पन दुकानात भाव करतानी कोनी आपलं मेलेलं पोरगं काट्यावर ठेवते काय?"

"तसं नाई म्हनत ते."

"तसंच म्हनतेत. गोड बोलून म्हनतेत." मग तिचा आवाज खाली आला. "त्या तिकडच्या मुलखातबी, पोरी, कोनी रणगाडे द्याले आलं असन. तिथंबी एखादी माय हार घेऊन उभी केली असन तिथल्या साहेबायनं. तिच्या हारानं भाव उतरला, आनि तो रणगाडा माह्या श्रावणवर आला. आता मी हार घालू, म्हंजे आपला रणगाडा तिच्या दुसऱ्या पोरावर जाईन. नाई. श्रावण मी एकदा देल्ला. दुसऱ्यांदा नाई देत."

पंचफुलाची भाकरी तव्यावर करपली. दोघींनी ती तशीच खाल्ली.

कार्यक्रमाच्या दिवशी तानाबाई केंद्रात गेली खरी. न सांगता घरी बसणं तिच्या रक्तात नव्हतं. मांडव घातला होता, सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि स्टेजवरच्या टेबलावर श्रावणचा गणवेशातला फोटो होता. प्रभाकररावांनी तो सकाळीच घरी माणूस पाठवून पंचफुलाकडून नेला होता. तानाबाई तेव्हा नळावर गेली होती. फोटो पाहून तिच्या कपाळावर जी शीर उभी राहिली ती केंद्रातल्या सगळ्या बायांना ओळखीची होती. त्या आपोआप सावरून बसल्या.

पाहुणे आले. त्यांचा पुढारी उंच, पांढऱ्या भुवयांचा, चेहऱ्यानं भला माणूस होता. सोबत त्यांचा दुभाषा, त्याला हिंदी येत होतं. म्हणजे तानाबाईचं बोलणं प्रभाकरराव हिंदीत सांगणार, आणि दुभाषा ते त्यांच्या भाषेत नेणार, अशी सोय होती.

नाव पुकारलं गेलं. तानाबाई हातात गुंडी घेऊन स्टेजवर चढली. फोटोवाले पुढं सरकले. पुढाऱ्यानं मान वाकवली.

तिनं हार घातला नाही. ती स्पष्ट, मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"हे पाव्हने नाईत, बेपारी हायेत. बेपाऱ्यानं खुशाल सौदा करावा. पन माह्या पोराचं नाव सौद्यात घालू नका. सांगा त्याले, भाऊ."

प्रभाकररावांना दरदरून घाम फुटला. त्यांनी घसा साफ केला आणि हिंदीत म्हणाले, "माताजी कहती हैं, आप हमारे घर पधारे, हम धन्य हो गए."

दुभाष्यानं ते पुढं नेलं. पुढाऱ्याचा चेहरा फुलला. त्यानं हात जोडले आणि मान आणखी वाकवली. टाळ्या पडल्या.

आता हिंदी काय तानाबाईला येत नव्हतं? वर्ध्यात कोणाला येत नाही! तिनं प्रभाकररावांकडं असं पाहिलं की बिचारे एक पाऊल मागं गेले. तिला अतोनात राग आला होता, पण रागापेक्षा जास्त काहीतरी कळलं होतं. इथं बोलून उपयोग नाही. इथल्या प्रत्येक बोलण्यावर कोणीतरी साखर घालणारच.

मग तिनं गुंडी कमरेला खोचली. बाजूला ट्रेमध्ये पाहुण्यांसाठी चहा आणून ठेवला होता. त्यातला एक कप बशीसकट उचलला, वाकलेल्या पुढाऱ्याचे जोडलेले हात सोडवले आणि तो कप त्याच्या हातात दिला. चांगला कप होता, कान शाबूत असलेला. टेबलावरचा श्रावणचा फोटो घेतला, पदरानं पुसला, छातीशी धरला आणि पायऱ्या उतरून सतरंज्यांवरून सरळ घरची वाट धरली.

पुढारी कप हातात धरून उभा. त्यानं दुभाष्याकडं पाहिलं, दुभाष्यानं प्रभाकररावांकडं. याचं हिंदी कोणी करीना. शेवटी त्या म्हाताऱ्यानं तिच्या पाठीकडं पाहत उभ्याउभ्या चहा प्यायला सुरुवात केली आणि पूर्ण प्याला. त्याला काय समजलं, ते त्याचं त्याला माहीत.

दुसऱ्या दिवशी तानाबाईचा चरखा केंद्राच्या खोलीत कुलूपबंद झाला. वरून दम मिळाला होता, आणि प्रभाकररावांना केंद्राच्या अनुदानाची काळजी होती. तेही कोणाच्या तरी मदतीवरच जगत होते.

"वर्षभर येऊ नका, तानाबाई," ते खाली मान घालून म्हणाले.

"चरखा तुमचा हाये भाऊ, ठेवा. टकळी माही हाये."

ती फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसली आणि टकळीवर कातू लागली. रोज यायची. येणारा जाणारा विचारायचा, ती सगळं सांगायची, अजिबात साखर न घालता. पेन्शन काही बंद झाली नाही. पुढं रेडिओवर बातमी आली की करार झाला. व्याज काय ठरलं ते कोणी सांगितलं नाही. तानाबाईच्या चहामुळं ते वाढलं की उतरलं, यावर गावात पैजा लागल्या. अखेर प्रभाकररावांनाच फाटकातून येता-जाता तिची नजर सोसवेना, आणि उन्हाळा लागायच्या आत त्यांनी स्वतः चरखा बाहेर काढून दिला. तिनं तो तपासून घेतला. चाकावरची माळ सैल झाली आहे म्हणून कुरकुर केली.

सहा-सात वर्षं गेली. तानाबाईची नजर अधू झाली. ती ओसरीवर बसून असे. केंद्रात आता पंचफुला कातायला जायची. एका दुपारी दारात जीप थांबली. चष्मा लावलेला एक अधिकारी उतरला. कुठल्याशा देशाची मंडळी येणार होती. शहीद श्रावणचा फोटो हवा होता, आणि वीरपत्नीच्या हातून हार.

तानाबाईनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात आतून पंचफुला दारात आली.

"पाव्हने हायेत का बेपारी?" तिनं विचारलं.

अधिकारी गोंधळला. "म्हणजे... काही करारमदार आहेत, पण तसे पाहुणेच म्हणायचे."

पंचफुलानं भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं, आणि तो तिथंच राहू दिला. मग ओसरीवर खाट टाकली, त्याला बसायला सांगितलं, आणि आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं.